न सांगितलेला माल

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून कोलोनकडे निघालेल्या मालवाहू विमानात आग भडकली. धुरामुळे वैमानिकांस समोरची यंत्रेही दिसेनात. माघारी वळलेले विमान दुबईजवळ कोसळून दोघेही मृत्युमुखी पडले. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. त्यांपैकी किमान तीन खेपा धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडत असूनही तशा जाहीर केलेल्या नव्हत्या, असे चौकशीत आढळले.

लिथियमचा एक घट तापला की शेजारचाही पेटतो. म्हणून १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास मनाई झाली. मालवाहू विमानांत त्यांचा विद्युतभार ३० टक्क्यांपर्यंतच असावा, असे ठरले. परंतु खोक्यात काय आहे हे पाठविणाराने खरे सांगितले, तरच हे नियम वैमानिकाचे रक्षण करू शकतात.