सोपारा, सिसिली आणि लसणाची स्पगेटी

आमच्या नालासोपाऱ्यात पास्ता ही आता नवलाई राहिलेली नाही. स्टेशनबाहेरच्या गाडीवर शेजवान राइसच्या शेजारी 'व्हाइट सॉस पास्ता' मिळतो, शाळेच्या डब्यात मसाला पास्ता असतो. हे दोन्ही पदार्थ इटलीतल्या माणसाला ओळखू येणार नाहीत, तो भाग वेगळा. मला लिहायचे आहे ते एका फार साध्या पदार्थाबद्दल. त्यात सॉस नाही, चीज नाही, टोमॅटोसुद्धा नाही. लसूण, जैतुनाचे तेल, सुकी लाल मिरची, मीठ आणि स्पगेटी, संपले. इटालियन भाषेत त्याला 'आल्यो ए ओल्यो' म्हणतात, म्हणजे नुसते 'लसूण आणि तेल'. नाव ठेवताना कुणी फार डोके चालवलेले दिसत नाही.

मुसलमान घरासाठी यात एक सोय आहे. बाहेरच्या पास्त्यात काय काय पडले असेल याची शंका मनात राहते. पार्मेजान चीजच्या अस्सल प्रकारात वासराच्या पोटातले रेनेट वापरतात, म्हणून ते खावे की नाही हा प्रश्न अनेकांना पडतो. इथे चीजच नाही, त्यामुळे प्रश्नच नाही. तेल तर आपल्या ओळखीचे. 'सूरह तीन'ची सुरुवातच अंजीर आणि जैतुनाच्या शपथेने होते. तरीही आमच्याकडे जैतुनाचे तेल स्वयंपाकघरात क्वचितच शिरते. उमराहून किंवा आखातातून कुणी आणलेली बाटली कपाटात असते. ती बाळाच्या मालिशीला, नाहीतर डोक्याला लावायला. त्या बाटलीला कढईपर्यंत आणायला आमच्या घरात बराच वादविवाद झाला.

चार माणसांसाठी चारशे ग्रॅम स्पगेटी पुरते. मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी खळखळ उकळून त्यात तीन मोठे चमचे मीठ घाला. पाण्याला चव लागली पाहिजे, कारण नंतर वरून घातलेले मीठ आत शिरत नाही. स्पगेटी शिजत असताना दुसरीकडे लसणाच्या आठ-दहा पाकळ्या पातळ चकत्या करून घ्या. ठेचायचा नाही, ठेचलेला लसूण लगेच जळतो. आता आपल्या सवयीविरुद्ध जायचे आहे. आपण तेल कडकडीत तापवून फोडणी देतो. इथे अर्धी वाटी तेल गारच असताना त्यात लसूण घालायचा आणि अगदी मंद आचेवर ठेवायचा. हळूहळू बुडबुडे येतात, वास सुटतो, कडा पिवळसर होतात. तेवढ्यात दोन सुक्या मिरच्या मोडून टाका आणि गॅस बंद करा. लसूण तपकिरी झाला की कडू झाला, मग ते तेल फेकलेलेच बरे. स्पगेटी किंचित कच्ची असतानाच उचलून या तेलात टाका, तिचेच पिठूळ पाणी एक पळी घाला, पुन्हा आच लावून मिनिटभर जोरात हलवा. पाणी आणि तेल एकजीव होऊन दुधाळसा लेप प्रत्येक दोऱ्याला बसतो. हा सगळा पदार्थ त्या एका पळीभर पाण्यावर उभा आहे. ते घातले नाही तर तेल ताटात खाली आणि स्पगेटी वर कोरडी. शेवटी इटालियन लोक पार्सली घालतात, आम्ही कोथिंबीर घालतो.

कच्चा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये अशी हदीस आहे, आणि खायचाच तर शिजवून त्याचा वास मारावा, असे हजरत उमर यांचे सांगणे नोंदलेले आहे. मंद आचेवरचा हा लसूण त्या कसोटीला उतरतो असे माझे मत. जुम्याच्या दुपारी मात्र मी करत नाही.

शेवया वापरल्या तर चालतील का, असे मला बऱ्याच जणींनी विचारले. चालणार नाहीत, लगदा होईल. ईदला आणतो त्या शेवया फार बारीक असतात, शिवाय आधीच भाजलेल्या. पण धान्याच्या दृष्टीने अंतर वाटते तेवढे नाही. चांगला इटालियन पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, आणि ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू. गावाकडे रव्याला, कुरडयांना, हातशेवयांना बायका जो मुद्दाम निवडून आणत, तोच. त्याचे पीठ चिवट, वाळले की काचेसारखे कडक होते आणि वर्षभर टिकते.

इतिहासाच्या दृष्टीने हे टिकणेच महत्त्वाचे. ओल्या कणकेच्या पट्ट्या कापून उकळणे जगात अनेक ठिकाणी अनेकांना सुचले असेल. पण पीठ वळायचे, वाळवायचे, पोत्यात भरायचे आणि जहाजात चढवायचे, ही वेगळी गोष्ट आहे. तो व्यापार झाला. इटलीच्या भूमीवर अशा व्यापाराची सर्वांत जुनी लेखी नोंद एका मुसलमान भूगोलकाराने केलेली आहे. त्याचे नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद अल-इद्रीसी.

इद्रीसी सिसिलीच्या ख्रिस्ती राजाच्या, दुसऱ्या रॉजरच्या दरबारात होता. रॉजरला सगळ्या जगाचे वर्णन आणि नकाशा हवा होता. प्रवासी आणि व्यापारी बोलावून, त्यांच्या हकीकती एकमेकींशी ताडून बघत हे काम अनेक वर्षे चालले. चांदीच्या मोठ्या तबकडीवर नकाशा कोरला गेला आणि सोबत अरबी ग्रंथ तयार झाला, 1154 साली. त्याच वर्षी राजा वारला. चांदीची तबकडी पुढे नाहीशी झाली, ग्रंथ उरला.

पालेर्मोजवळच्या त्राबिया नावाच्या गावाबद्दल इद्रीसी लिहितो, की तिथे वाहत्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या आहेत, मोठी शेते आहेत, आणि 'इतरिय्या' इतक्या प्रमाणात बनते की जहाजे भरभरून ती कलाब्रियाला आणि मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्हींच्या मुलुखांत जाते. इतरिय्या म्हणजे वाळवलेल्या पिठाचे दोरे. नवव्या शतकातल्या एका सिरियाक वैद्याच्या शब्दकोशात या शब्दाचा अर्थ असाच दिलेला आहे: रव्याचे दोरे, शिजवण्याआधी वाळवलेले.

आता त्याच ग्रंथाची हिंदुस्थानची पाने उलटा. तिथे 'सूबारा' आहे. समुद्रापासून दीड मैलावरचे, गजबजलेले, मालाची चढ-उतार करणारे शहर. तिथे मोती काढतात, आणि जवळच नारळाची झाडे असलेले एक लहान बेट आहे. हे आपले सोपारा. इद्रीसी स्वतः इथे कधी आला नाही. त्याने ऐकीव माहिती आणि आधीच्या अरब लेखकांची पुस्तके वापरली. पण एकाच माणसाच्या एकाच पुस्तकात सिसिलीच्या शेवया आणि आमचे सोपारा दोन्ही असावेत याचे मला अजूनही नवल वाटते. मुलांना सोपाऱ्याचा इतिहास सांगताना आपण सम्राट अशोकाच्या शिलालेखावर आणि 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी उकरलेल्या स्तूपावर थांबतो. पुढची हजार वर्षे कोरीच राहतात.

ती कोरी नव्हती. अल-मसऊदी 916 च्या सुमारास कोकण किनाऱ्यावर आला होता. चौलला, त्याच्या लेखी 'सैमूर'ला, दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असे त्याने लिहून ठेवले. सोपारा आणि ठाणे ही नावेही त्याच्याकडे आहेत. आणि अरबांचा शब्द पुरेसा वाटत नसेल त्यांच्यासाठी आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडलेला राष्ट्रकूटांचा ताम्रपट आहे, शके 848 म्हणजे इसवी सन 926 चा, संस्कृतात. संजाण प्रांताचा अधिकारी तेव्हा 'ताजिक', म्हणजे अरब होता. त्याचे नाव मुहम्मद. संस्कृतात लिहिताना त्याचा 'मधुमती' झाला. त्याने नदीवर फुकट होडी ठेवली, आणि एक अन्नछत्र काढले, त्यात भात, कालवण आणि तूप मिळे. देवी भगवतीच्या मठाला जमीन देण्यातही त्याचा हात होता. इद्रीसीपर्यंत सोपाऱ्याची खबर पोचली ती अशा माणसांच्या जहाजांतून फिरत फिरत.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'पास्ता मुसलमानांनी शोधला' असा मेसेज आमच्या ग्रुपवर दर रमजानात फिरतो. मी तो पुढे पाठवत नाही. इतरिय्या हा शब्दच मुळी ग्रीक 'इत्रियॉन'वरून अरामीतून अरबीत आलेला आहे. आधीच्या यहुदी ग्रंथांत तो भेटतो. अरबांनी हा पदार्थ शून्यातून काढला नाही. त्यांनी तो वाळवला, वाहून नेला आणि त्याचा धंदा उभा केला, एवढे म्हणता येते, आणि एवढे थोडे नाही. दुसऱ्या बाजूची कथा तर त्याहून पोकळ. मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला म्हणे! तो परतला 1295 ला. जेनोव्हातल्या एका नोटरीने 1279 साली एका सैनिकाच्या मालमत्तेची यादी केली, तिच्यात 'माकारोनी'ने भरलेली टोपली आहे. मार्को पोलोची कथा पसरवली ती विसाव्या शतकात अमेरिकेतल्या शेवया-कारखानदारांच्या मासिकाने. आपल्या अभिमानालाही पुराव्याची तीच चाळणी लावली पाहिजे. आपल्याला 'बाहेरचे' म्हणणाऱ्यांच्या दाव्यांना आपण जी लावतो ती.

वर्गात मला या सगळ्यातला आवडणारा शब्द वेगळाच आहे. इराणात आणि बगदादच्या जुन्या पाकपुस्तकांत शेवयांना 'रिश्ता' म्हटले आहे. फारसीत रिश्ता म्हणजे धागा. तोच शब्द उर्दूत नात्यासाठी आला. मुलीचा रिश्ता आला असे आपण म्हणतो, तेव्हा कुठेतरी दूर कुणीतरी मटणाच्या रश्श्यात शेवया सोडत असतो. नववीच्या वर्गात हे सांगितले की हसे पिकते आणि शब्द कायमचा लक्षात राहतो.

लसणाचेही तसेच. इटालियन 'आल्यो' आणि पोर्तुगीज 'आल्यु' एकाच लॅटिन शब्दाची लेकरे. 1534 साली गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगीजांना दिली, 1739 पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. त्यांच्या 'विन्या द आल्युश' या लसूण-दारूतल्या मांसावरून 'विंदालू' झाले. ते वसईच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नाताळला आजही शिजते. त्यातल्या 'आलू'चा बटाट्याशी काही संबंध नाही, तो लसूण आहे. आणि आपल्या कढईतली लाल मिरची अमेरिकेतून निघाली, ती इकडे पोर्तुगीज जहाजांतून उतरली. इद्रीसीच्या काळी ती पालेर्मोत नव्हती आणि सोपाऱ्यातही नव्हती.

सिसिलीच्या मुसलमानांचे पुढे काय झाले, हे मात्र पाकक्रियेच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. 827 ला अरब तिथे उतरले, 831 ला पालेर्मो त्यांच्या हाती आले. 1072 ला ते नॉर्मन लोकांनी घेतले आणि 1091 पर्यंत सगळे बेट. तरी शंभर वर्षे मुसलमान तिथे राहिले, शेती करत, गिरण्या चालवत, दरबारात अरबी लिहीत. 1184 च्या अखेरीस हजहून परतताना इब्न जुबैरचे जहाज सिसिलीजवळ फुटले. त्याने पालेर्मोच्या ख्रिस्ती बायका नाताळला मुसलमान बायकांसारखा पेहराव करून निघालेल्या पाहिल्या. पण त्याने आणखी एक नोंद केली. त्रापानीतल्या एका प्रतिष्ठित मुसलमान बापाने आपल्या कुंवार मुलीसाठी एका हाजीला गळ घातली: हिच्याशी निकाह कर आणि हिला इथून घेऊन जा. ती मुलगी घर सोडायला राजी होती. वरवर सगळे ठीक चाललेले असताना त्या घराला काय दिसले होते?

पुढच्या चाळीस वर्षांत ते उघड झाले. बंडे झाली, आणि 1220 च्या दशकापासून दुसऱ्या फ्रेडरिकने उरलेल्या मुसलमानांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर, पुलिया प्रांतातल्या लुचेरा गावी नेऊन बसवले. तिथे त्यांची हजारोंची वस्ती झाली, मशिदी झाल्या. 1300 च्या ऑगस्टमध्ये आंजूच्या दुसऱ्या चार्ल्सने लुचेरा मोडले. बहुतेकांना गुलाम म्हणून विकले, मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभे राहिले, शहराचे नाव बदलून मेरीच्या नावावर ठेवले. ते नवे नाव काही टिकले नाही.

त्याच पुलियाच्या दक्षिण टोकाला, लेच्चेच्या भागात, संत जोसेफच्या सणाला 19 मार्चला एक पदार्थ करतात. रव्याच्या रुंद पट्ट्या. थोड्या तेलात कुरकुरीत तळायच्या, बाकीच्या उकळायच्या आणि काबुली चण्यांत मिसळायच्या. काबुली चण्याला ते 'चिचेरी' म्हणतात, आणि पट्ट्यांना 'त्रिया'.