खामकाठचे पूल आणि ओले काँक्रीट

१/ छत्रपती संभाजीनगर हे दरवाजांचे शहर. त्यातले मकाई, महेमूद आणि बारापुल्ला हे दरवाजे मात्र एकटे उभे नाहीत. त्यांना लागून खाम नदीवरचे जुने दगडी पूल आहेत. हे पूल रुंद का केले जात नाहीत, असा प्रश्न तिथल्या कोंडीत अडकलेल्या प्रत्येकाला पडतो.

२/ औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास शहराभोवती तटबंदी उभारली. त्या काळाचे हे पूल पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या मापाचे. पुढे पाणचक्की, बीबी का मकबरा आणि विद्यापीठाकडे जाणारी वाहनेही याच कमानींखालून जाऊ लागली.

३/ रुंदीकरण म्हटले की पहिली शंका येते ती अशी : शेजारून वाहने धडधडत असताना ओतलेले काँक्रीट नीट जमेल का?

४/ उत्तर अनपेक्षित आहे. कंप हा ओल्या काँक्रीटचा शत्रू नव्हे. कामावर व्हायब्रेटर लावतात तो त्यासाठीच. कंपाने हवेचे बुडबुडे निघून जातात आणि मिश्रण घट्ट बसते.

५/ १९८१ साली अमेरिकेतील ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाने डेव्हिड मॅनिंग यांचा याच विषयावरचा अहवाल प्रसिद्ध केला. मिश्रण योग्य आणि कमी पातळ असेल, सळया घट्ट बांधलेल्या असतील, तर वाहतुकीच्या कंपाने सहसा हानी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

६/ मग धोका कुठे? सांध्यात. ट्रक गेला की जुना भाग किंचित वाकतो; नवा भाग स्थिर राहतो. जुन्यातून बाहेर आलेली सळई अर्धवट जमलेल्या काँक्रीटमध्ये हलत राहते. तिच्याभोवती पोकळी उरते आणि पकड जाते.

७/ म्हणून नवा भाग आधी स्वतंत्र उभारतात. तो स्थिरावला की मधली पट्टी शेवटी ओततात. ती जमेपर्यंत वाहतूक थांबवतात किंवा तिचा वेग कमी करतात. रस्त्यावरचे खड्डेही आधी बुजवावे लागतात, कारण प्रत्येक खड्डा म्हणजे पुलाला बसणारा एक धक्का.

८/ ही युक्ती खामच्या पुलांना मात्र लागू पडत नाही. चुन्यात बांधलेली दगडी कमान स्वतःच्या वजनाने दगड एकमेकांवर दाबून उभी राहते. तिला सळई नाही. चुन्याचा मऊ सांधा थोडी हालचाल सोसतो, सिमेंटचा ताठ सांधा सोसत नाही. दोघांची गाठ मारली, तर तडा जाईल तो जुन्या दगडात.

९/ शहरात अनेक वर्षे होत आलेली समांतर पुलांची मागणी म्हणूनच केवळ वारसाप्रेमींचा हट्ट ठरत नाही. नव्या पुलाचा पाया वेगळा, भार वेगळा आणि मध्ये मोकळी जागा : अभियांत्रिकीही हेच सांगते. तीन शतके उभ्या असलेल्या कमानीला जोड नको, विश्रांती हवी.