समुद्रतळापासून हँडलखालच्या वायरीपर्यंत : ‘शॉर्ट’ शोधण्याच्या विद्येचा इतिहास (धागा)

जुलै १८६५. आयर्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेले ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल सोडत पश्चिमेकडे चालले होते. जहाजावरील अंधाऱ्या खोलीत गॅल्व्हानोमीटरच्या इवल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका मोजपट्टीवर स्थिर होता. तो अचानक घसरला. केबल मागे ओढून तपासली, तेव्हा कारण सापडले : बाहेरच्या चिलखती वेष्टनातील लोखंडी तारेचा दोनेक इंचांचा तुकडा गटापर्चाच्या थरात घुसून आतल्या तांब्याला भिडला होता. विद्युतप्रवाह अमेरिकेची वाट सोडून मधेच समुद्रात उतरत होता.

आज वारंवार फ्यूज उडणारी मोटारसायकल गॅरेजात येते, तेव्हा दोष बहुधा याच जातीचा असतो. हँडल वळता वळता त्याखालच्या वायरीचे वेष्टन घासते, उघडे पडलेले तांबे फ्रेमला टेकते आणि प्रवाह दिव्यापर्यंत न जाता जवळच्या वाटेने बॅटरीकडे परततो. समुद्राची जागा लोखंडी सांगाड्याने घेतली, एवढाच फरक.

सांगाड्याकडे हे काम आले कसे? १८३८ मध्ये जर्मनीत कार्ल स्टाइनहाइल हे न्युरेम्बर्ग-फ्युर्थ लोहमार्गाचे रूळच तारा म्हणून वापरता येतील का, हे पाहत होते. तो बेत फसला. पण परतीची तार मुळी लागतच नाही, जमीन ते काम करते, हे त्यातून उमगले. पुढच्याच वर्षी कलकत्त्याजवळ विल्यम ओशॉनेसी यांनी आपल्या प्रायोगिक तारमार्गात हुगळी नदीच्या पाण्यालाच परिपथाचा भाग केले. तारांचा निम्मा खर्च वाचवणारी ही युक्ती पुढे वाहनांनीही उचलली. दुचाकीच्या बॅटरीचे एक टोक फ्रेमला जोडतात, आणि रबरी टायरांवर उभ्या असलेल्या, जमिनीशी संबंध नसलेल्या त्या जोडणीला मेकॅनिक आजही ‘अर्थ’च म्हणतात. या काटकसरीची किंमत अशी, की दुसऱ्या बाजूची वायर सांगाड्याला जिथे जिथे उघडी टेकेल, तिथे तिथे शॉर्ट.

मग दोष सापडावा कसा? याचे एक उत्तर १८५८ मध्येच देऊन झाले होते, आणि ते महागात पडले. त्या वर्षीच्या पहिल्या अटलांटिक केबलमधून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले. कंपनीचे प्रमुख विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस, मूळचे शल्यवैद्य, यांचा उपाय सरळ होता : दाब वाढवा. सुमारे २००० व्होल्टपर्यंतचे धक्के सोसत ती दुबळी केबल तीनेक आठवड्यांत कायमची मूक झाली. सारे खापर त्यांच्या माथी फोडणे अन्याय्य ठरेल, कारण केबलची घडणच सदोष होती; पण आजारी तारेत आणखी जोर ओतण्याची वृत्ती मात्र त्यांचीच. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळणारा हात याच परंपरेतला. फ्यूज वाचतो, वायरिंग जळते.

दुसरी परंपरा विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांची : क्षीण प्रवाह सोडा आणि बारकाईने मोजा. १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने विद्युत रोधाचे प्रमाण ठरवण्यासाठी समिती नेमली, कारण रोधाला सर्वमान्य एकक नसेल तर दोन किनाऱ्यांवरील मोजमापे जुळणार कशी? मैलामागे तारेचा रोध ठाऊक असला, की दोष किती मैलांवर आहे याचा अंदाज किनाऱ्यावर बसून बांधता येई. १८७० मध्ये मुंबई आणि एडन यांना जोडणारी केबल अंथरली गेली, तोवर असे मोजमाप हा नित्याचा भाग झाला होता.

त्याच १८७० मध्ये ब्रिटनमधील अंतर्गत तारसेवा पोस्ट खात्याकडे आली. या खात्यातील अभियंते डोनाल्ड मॅकाडी यांना तारांच्या देखभालीसाठी वेगवेगळी उपकरणे वाहून न्यावी लागत. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम या तिन्ही मोजण्या त्यांनी एका पेटीत बसवल्या, आणि १९२३ मध्ये ‘ॲव्होमीटर’ बाजारात आला. नाव त्या तिन्ही एककांच्या आद्याक्षरांचे. गॅरेजातला पिवळा डिजिटल मल्टिमीटर याच वंशातला.

मोटारसायकलला त्याची गरज जरा उशिराच पडली. आरंभीच्या यंत्रांत मॅग्नेटो ठिणगी देई, दिवा कार्बाइडच्या वायूवर जळे, वायरी मोजक्याच. गंमत अशी, की मॅग्नेटोचे इंजिन बंद करायचे तर त्याचा प्रवाह मुद्दाम फ्रेमला टेकवत, म्हणजे शॉर्टच करत. १९१४ मध्ये अमेरिकेच्या ‘इंडियन’ने विजेचे दिवे आणि विजेवर सुरू होणारे इंजिन असलेली ‘हेंडी स्पेशल’ काढली. बॅटरीने दगा दिला आणि ते प्रतिमान वर्षभरातच मागे पडले.

तपासणीची रीत मात्र केबलचीच. आधी बॅटरी सोडवायची, कारण रोध मोजताना मीटर आपल्या सेलचा किंचित प्रवाह वापरतो. फ्यूज काढून एक प्रोब त्याच्या दिव्यांकडील टोकाला, दुसरा फ्रेमच्या रंग खरवडलेल्या धातूला. आकडा शून्याजवळ आला तर संशय. पण लगेच निकाल नव्हे. १२ व्होल्ट, ३५ वॅटच्या दिव्याचा रोध पेटलेला असताना सुमारे ४ ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे धडधाकट बल्बही मीटरला शॉर्टसारखा भासतो आणि निर्दोष वायरिंग उगाच उसवले जाते. म्हणून आधी बल्ब काढायचे, मग एकेक कनेक्टर सुटा करत जायचे. ज्या कनेक्टरवर मीटरचा आवाज थांबेल, त्याच्या पलीकडच्या फांदीत दोष. तरीही नजरेस काही पडले नाही, तर प्रोब तसेच ठेवून हँडल सावकाश डावी-उजवीकडे वळवायचे आणि आकडा नेमका कुठे घसरतो ते पाहायचे.