तळटीप : आष्टीच्या शिवारात ‘यंत्राने पाणी पाहिले’
* ही आष्टी परतूर तालुक्यातली, बीडमधली नव्हे. 1981 साली जालना जिल्हा झाला, त्याआधी परतूर परभणीत होते. जुन्या कागदांत तसाच उल्लेख सापडतो. यंत्राने पाणी पाहणे म्हणजे विद्युत रोधकता सर्वेक्षण. बाहेरच्या दोन सळ्यांतून जमिनीत वीज सोडतात, आतल्या दोन सळ्यांमधला विद्युतदाब मोजतात. बाहेरच्या सळ्या जितक्या लांब न्याव्या, तितका खोलचा अंदाज येतो. अखंड काळा पाषाण वीज अडवतो. पाणी मुरलेला, भेगाळ खडक तिला वाट देतो. पण ओली चिकणमातीही वाट देते. आकडा उतरला की पाणी लागले, असे सांगणारा यंत्रवाला आणि नारळ घेऊन फिरणारा पाणाड्या यांत मग फारसा फरक उरत नाही. थंड प्रदेशांतल्या पीट मातीत, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या पाणथळ थरांत, अडकलेला मिथेन हुडकायलाही हीच पद्धत वापरतात. बुडबुड्यांतून वीज वाहत नाही, त्यामुळे तिथे रोधकता वाढते. भूभेदी रडारही तिथे कामी येते, कारण पाण्याची जागा वायूने घेतली की लहरींचा वेग वाढतो. मराठवाड्याच्या काळ्या मातीत ते चालत नाही. ही माती लहरी वरच्या वरच गिळते. — संपा.