सुन्न, खदर आणि मुंग्या

साकीनाक्याला खैरानी रोडच्या गाळ्यांतून दिवसभर ग्राइंडर चालतात. ते धरणारा कारागीर डॉक्टरकडे जातो तेव्हा दोन तक्रारी वेगवेगळ्या सांगतो. ‘हाताला मुंग्या येतात’ ही एक आणि ‘बोटं सुन्न पडलीत’ ही दुसरी. केसपेपरवर मात्र पुष्कळदा दोन्हींसाठी एकच इंग्रजी शब्द उतरतो, नंबनेस.

‘सुन्न’ हा शब्द आपल्या उर्दू कानांना घरचा वाटतो आणि मराठी कानांनाही. मूळ संस्कृत ‘शून्य’, प्राकृतात ‘सुण्ण’, पुढे ‘सुन्न’. याच शून्याला अरबांनी ‘सिफ्र’ म्हटले, म्हणजे रिकामे. 1202 मध्ये इटलीच्या फिबोनाचीने त्याचे लॅटिन ‘झेफिरम’ केले आणि त्यातून ‘झीरो’ निघाला. बोटांतली सुन्नता आणि गणिताच्या पेपरात मिळणारा सिफर असे एकाच खानदानातले निघतात.

युनानी हकीम सुन्नपणाला ‘खदर’ म्हणतात. इब्ने सीनाच्या (980–1037) ‘अल्-कानून’मध्ये खदरची चर्चा आहे, आणि जाणीव घालवणाऱ्या औषधाला तिथे ‘मुखद्दिर’ हे नाव आहे. अशी औषधे त्याने थंड प्रकृतीची मानली. अफू त्यांपैकीच. याच धातूखाली अरबी कोशांत ‘खिद्र’ही सापडतो, म्हणजे स्त्रियांच्या दालनाचा पडदा. अवयव जागच्या जागी असतो, पण त्याच्या आणि आपल्या मध्ये पडदा येतो. रोग्याची अवस्था याहून नेमकी सांगणे मला तरी जमणार नाही.

1846 मध्ये बोस्टनला मॉर्टनने इथर देऊन शस्त्रक्रिया दाखवली, तेव्हा होम्सने ग्रीकवरून ‘अ‍ॅनस्थेशिया’ हे नाव सुचवले. मराठीने त्याला साधे ‘भूल’ म्हटले. भूल म्हणजे चूकसुद्धा. टेबलावर झोपताना हा दुसरा अर्थ आठवू नये, एवढेच.

राहिल्या मुंग्या. अरबीत या झिणझिण्यांना ‘तन्मील’ म्हणतात, ‘नमल’ म्हणजे मुंगीवरून. कुरआन शरीफच्या 27व्या सूरेचे नाव हेच. हजरत सुलेमान (अलै.) यांच्या लष्कराची चाहूल लागून सोबतिणींना बिळात जा म्हणणारी मुंगी त्यातलीच. युरोपच्या वैद्यकातला ‘फॉर्मिकेशन’ हा शब्दही लॅटिन ‘फॉर्मिका’वरून आला, आणि फॉर्मिका म्हणजे पुन्हा मुंगीच.

कारागिराचे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत ते यासाठी. मुंग्या येतात तेव्हा नस अजून तक्रार करत असते. सुन्न पडते तेव्हा तिची तक्रारही बंद झालेली असते. 1918 मध्ये अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, बेडफर्डच्या दगडखाणीत, हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या कामगारांची बोटे पांढरी आणि सुन्न पडतात हे नोंदवले. हत्याराचा थरथराट तिथे होता तसाच इथल्या गाळ्यातही आहे.

कुष्ठरोगात तर सारे या एका शब्दावर येऊन ठेपते. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, त्याला स्पर्श कळत नाही. म्हणूनच कोणी तो दाखवत नाही. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते, रोग बरा होतो. पण मराठी प्रचारात शब्द असतो ‘बधिर चट्टा’, आणि बधिर म्हटले की आपल्या वस्तीत माणसाचा हात आधी कानाकडे जातो. हिंदी फलकावर ‘सुन्न दाग’ असतो. तो तिथल्या अम्मीला वाचल्याबरोबर कळतो.