मेथड ओव्हररायडिंग : एका परवानगीचा इतिहास

एकच आज्ञा वेगवेगळ्या ऑब्जेक्टना दिली आणि प्रत्येकाने ती आपापल्या पद्धतीने पार पाडली, तर त्या गुणाला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये हा गुण मुख्यतः मेथड ओव्हररायडिंगमधून येतो. मूळ क्लासमधली मेथड सबक्लास त्याच नावाने आणि त्याच पॅरामीटरनी नव्याने लिहितो. प्रोग्राम चालू असताना समोर ज्या क्लासचा ऑब्जेक्ट असेल, त्याची मेथड चालते. मात्र मूळ मेथड बदलायची परवानगी द्यायची कोणी, या प्रश्नाला प्रत्येक भाषेने आपापले उत्तर दिले. ओव्हररायडिंगचा इतिहास हा बऱ्याच अंशी या उत्तरांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात नॉर्वेत झाली. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन न्यूगोर आणि ओले-योहान डाल यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी सिम्युला ही भाषा घडवायला घेतली. रांगा, वाहतूक, कारखान्यातील कामाचा ओघ अशा व्यवस्थांची संगणकावर नक्कल करणे हा तिचा हेतू होता, आणि पाया अल्गोल ६० या भाषेचा होता. पुलावरच्या टोलनाक्यापाशी ट्रक आणि बस एकाच रांगेत उभ्या असतात. दोन्ही वाहनेच, पण दोघांचे तपशील निराळे. पहिल्या सिम्युलात रांगेतले वाहन कोणत्या प्रकारचे आहे हे तपासून प्रत्येक प्रकारासाठी वेगळी शाखा लिहावी लागे. नवा प्रकार आला की अशा सगळ्या शाखा शोधून दुरुस्त करणे आले.

१९६६च्या अखेरीस डाल आणि न्यूगोर यांना यावर तोड सापडली. समान गुणधर्म एका क्लासमध्ये ठेवायचे आणि त्याला पुढे जोडून विशेष क्लास तयार करायचे. मे १९६७मध्ये ऑस्लोतील एका परिषदेत त्यांनी क्लास आणि सबक्लासची ही कल्पना मांडली. त्यातून आकाराला आलेल्या सिम्युला ६७मध्ये ‘व्हर्च्युअल’ प्रोसीजर होत्या. मूळ क्लासचा लेखक एखादी प्रोसीजर व्हर्च्युअल म्हणून जाहीर करी, आणि मग सबक्लासला तिचा स्वतःचा मजकूर देता येई. तशी घोषणा नसेल, तर मूळ क्लासच्या रेफरन्समधून मूळचीच प्रोसीजर चाले. म्हणजे परवानगी मूळ लेखकाच्या हाती होती. या कामासाठी दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००२च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने दोघांचेही निधन झाले.

कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्कमध्ये ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी स्मॉलटॉक घडवताना उलटी भूमिका घेतली. के यांनी युटा विद्यापीठात असताना सिम्युला पाहिली होती. स्मॉलटॉकमध्ये सारे व्यवहार संदेशांनी होतात. संदेश आला की ऑब्जेक्टच्या क्लासमध्ये त्या नावाची मेथड शोधली जाते, तिथे नसेल तर वरच्या क्लासमध्ये, आणि असेच टोकापर्यंत. १९७६च्या आवृत्तीत इनहेरिटन्स आले आणि कोणतीही मेथड खालच्या क्लासमध्ये नव्याने लिहिता येऊ लागली. वरची मेथड हवीच असेल तर ‘सुपर’ लिहून ती बोलावता येई. कोणाच्याही परवानगीची गरज उरली नाही. मोबदला वेगात चुकवावा लागला, कारण मेथडचा शोध प्रोग्राम चालू असतानाच होई.

वेगाचा हिशेब बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांना टाळता येणार नव्हता. केंब्रिजमध्ये संशोधन करताना त्यांना सिम्युलाची रचना आवडली, पण तिच्या मंद गतीमुळे आपला प्रोग्राम बीसीपीएल या भाषेत नव्याने लिहावा लागला. १९७९मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी सी भाषेला क्लासची जोड द्यायला सुरुवात केली. १९८३मध्ये त्या भाषेत व्हर्च्युअल फंक्शन आली आणि तिला सी प्लस प्लस हे नाव मिळाले. कम्पायलर सामान्यतः अशा फंक्शनांच्या पत्त्यांचा एक तक्ता प्रत्येक क्लाससाठी करतो आणि ऑब्जेक्टमध्ये त्या तक्त्याचा पॉइंटर ठेवतो. शोधाची जागा तक्त्यातल्या ठरलेल्या रकान्याने घेतली. तरीही जी सोय वापरली नाही तिचा खर्च पडू नये, म्हणून व्हर्च्युअल असे लिहिलेले फंक्शनच ओव्हरराइड होई. सिम्युलाचा नियम परत आला, पण या वेळी कारण काटकसरीचे होते.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५मध्ये आणलेल्या जावाने हा नियम फिरवला. स्टॅटिक, प्रायव्हेट आणि फायनल सोडून सगळ्या मेथड ओव्हरराइड करता येतात. मनाई करायची असेल तर ‘फायनल’ लिहावे लागते. पुढे हॉटस्पॉटसारख्या व्हर्च्युअल मशीननी वेगाची चिंताही कमी केली. एखाद्या मेथडची एकच आवृत्ती लोड झालेली दिसली, तर तिचा कोड थेट बोलावणाऱ्या जागी बसवला जातो. दुसरी आवृत्ती लोड झाली की तो निर्णय मागे घेतला जातो.

मोकळीक वाढली तशा चुकाही दिसू लागल्या. नावात एखादे अक्षर चुकले किंवा पॅरामीटरचा प्रकार बदलला, तर ओव्हरराइड न होता निमूटपणे नवीच मेथड तयार होते. उलट, मूळ क्लासच्या नव्या आवृत्तीत आलेल्या मेथडचे नाव सबक्लासमधल्या जुन्या मेथडशी योगायोगाने जुळले, तर कोणाच्याही मनात नसताना ओव्हरराइड घडते. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७च्या भाषणात याहून खोल अडचणीवर बोट ठेवले. मूळ क्लासने दिलेले वचन सबक्लासने पाळले पाहिजे. खात्यातून रक्कम काढली की शिल्लक तेवढीच घटेल असे मूळ मेथडचे वचन असेल आणि सबक्लास त्यात गुपचूप शुल्क मिसळत असेल, तर कम्पायलर हरकत घेत नाही, पण मूळ क्लासवर विसंबलेला हिशेब चुकतो.

पुढच्या भाषांनी दोन्ही बाजूंकडून उघड घोषणा मागितली. सी शार्पमध्ये मूळ लेखकाने ‘व्हर्च्युअल’ आणि सबक्लासच्या लेखकाने ‘ओव्हरराइड’ असे लिहावे लागते. जावात २००४मध्ये ‘ओव्हरराइड’ ही ऐच्छिक खूण आली आणि सी प्लस प्लसला त्याच अर्थाचा शब्द २०११च्या मानकात मिळाला. कॉटलिनमध्ये क्लास आणि मेथड मुळात बंदच असतात, ‘ओपन’ लिहिले तरच त्या खुल्या होतात. गो आणि रस्ट यांनी क्लासचे इनहेरिटन्स वगळले आणि पॉलिमॉर्फिझम अनुक्रमे इंटरफेस व ट्रेट यांच्यावर उभा केला.

ओव्हररायडिंगची ताकद १९६७मध्येच सिद्ध झाली होती. ती सुरक्षितपणे वापरायची तर बदलाची मुभा देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने तसे स्पष्ट लिहिले पाहिजे, आणि मूळ मेथडचे वचन मोडता कामा नये, हा धडा मात्र पुढच्या कित्येक वर्षांच्या अनुभवातून मिळाला. पहिली अट आज अनेक भाषांचे कम्पायलर तपासतात. दुसरी पाळण्याची जबाबदारी अजूनही प्रामुख्याने प्रोग्रामरवरच आहे.