आरोपी दर पिढीला नवा

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान आटोपून आम्ही पंचवटीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर उभे होतो. पलीकडच्या वाड्यावर सुरेख आकाशकंदील लागला होता. मी दहा वर्षांच्या नातवाला म्हटले, "मोज पाहू त्याच्या झिरमिळ्या!" तो म्हणाला, "आजोबा, झिरमिळ्या कुठे आहेत? नुसता पिवळा गोळा आहे."

भाऊबीज झाल्यावर नेत्रवैद्यांकडे गेलो. उणे दोनचा चष्मा घेऊन घरी परतलो, आणि आमच्या माजघरात खटला उभा राहिला. आरोपी अर्थात काँप्युटरवरचे खेळ. आजीने निकालही देऊन टाकला, "त्या खेळांनीच पोराचे डोळे खाल्ले!" नातू म्हणाला, "पप्पा तर दिवसभर काँप्युटरच बघतात." शेवटी सूनबाई माझ्याकडे वळल्या, "बाबा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. खरे काय ते तुम्हीच सांगा."

मी जुनी दप्तरे काढली, आणि ध्यानात आले की खटला जुनाच आहे. आरोपी तेवढा दर पिढीला बदलतो.

आमचे आजोबा रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. यजमानांच्या वंशावळींच्या वह्या ते रात्री समईपाशी बसून उतरवीत. पण मी कंदिलाच्या उजेडात गोष्टींची पुस्तके वाचू लागलो की तेच गरजत, "डोळ्यांच्या खाचा होतील!" तेव्हा आरोपी पुस्तक होते.

युरोपातही तेच. ज्योतिर्विद केप्लर यांची स्वतःची दृष्टी अधू होती. लहानपणापासून अभ्यासात आणि बारीक कामात गढलेल्यांना जवळचेच पाहण्याची सवय जडते, असे त्यांनी 1611 साली लिहिले. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात बारीक काम करणाऱ्यांच्या डोळ्यांची कहाणी आहे. पुढे 1867 साली ब्रेस्लाऊ येथील हेर्मान कोन यांनी 10,060 विद्यार्थ्यांचे डोळे तपासले. खेड्यातल्या शाळांत शंभरात एकदोन मुलांनाच लांबचे अंधुक दिसे. वरच्या शाळांत हेच प्रमाण शंभरात सव्वीस! अपुरा उजेड, बारीक टाइप, वाकड्या बाकांवर ठपका आला.

मग टीव्ही आला. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि संच घरी येताच "लांब बसा" ही आज्ञाही आली. ती अगदीच निराधार नव्हती. 1967 साली अमेरिकेत एका कंपनीच्या सुमारे 90,000 रंगीत संचांतून मर्यादेबाहेर क्ष-किरण निघत असल्याचे उघड झाले. संच दुरुस्त करावे लागले, पुढच्या वर्षी कायदा झाला. दोष गेला, धाक मात्र राहिला. पुढे कचेऱ्यांत काँप्युटर आले. 1983 साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने सांगितले की पडद्याच्या किरणांनी डोळे बिघडत असल्याचा पुरावा नाही. तक्रारींचे मूळ चकाकी, बैठक आणि न थांबता चालणारे काम यांत आहे.

मग आपला आजचा आरोपी निर्दोष समजायचा का? नाही. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. हा त्रास विश्रांतीने जातो. पण वाढत्या वयात बुबुळामागचा डोळ्याचा गोल लांबट झाला की प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते, आणि तो पुन्हा आखूड होत नाही. दिल्लीत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे दहा हजार शाळकरी मुलांपैकी 13.1 टक्क्यांना ही ऱ्हस्वदृष्टी आढळली. तासन्‌तास वाचन, टीव्ही आणि असले खेळ यांचा तिच्याशी संबंध दिसला. बाहेर खेळणाऱ्यांत ती कमी होती.

खरी साक्ष मला 2008 सालच्या एका तुलनेत सापडली. चिनी वंशाची सहासात वर्षांची मुले. काही सिंगापूरची, काही सिडनीची. सिंगापुरात 29 टक्क्यांना लांबचे अंधुक दिसे, सिडनीत अवघ्या 3 टक्क्यांना. गंमत अशी, की पुस्तके सिडनीची मुले अधिक वाचत! फरक होता तो मोकळ्या हवेचा. सिडनीची मुले आठवड्याला जवळजवळ चौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची तीनच. चीनमधील ग्वांगझूच्या शाळांनी मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा बाहेर नेले, तेव्हा तीन वर्षांत नव्याने ऱ्हस्वदृष्टी जडलेली मुले तिथे 30.4 टक्के निघाली, तर असे न करणाऱ्या शाळांत 39.5 टक्के. उघड्यावरच्या प्रखर उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवते आणि ते गोलाची वाढ आवरते, असे शास्त्रज्ञ मानतात.

तेव्हा निकाल असा, की खेळ डोळे जाळीत नाहीत. जवळ पाहण्याचा ताण पुस्तकासारखाच त्यांचाही आहे. परंतु खरा गुन्हा हा की ते मुलाचे आभाळाखालचे तास चोरतात. त्या चोरीत आम्ही मोठी माणसेही सामील आहोत. मी लहानपणी कंदिलापाशी वाचले खरे, पण दिवस सारा गोदेच्या वाळवंटात गेला. नातवाला आम्हीच म्हटले, "घरात बस, बाहेर गाड्या फार."

आणखी एक गोष्ट सांगायला मन धजत नाही, पण सांगतो. वर्षभर या पोराच्या वहीत फळ्यावरून उतरवलेल्या आकड्यांच्या चुका होत होत्या. "लक्ष नाही तुझे," म्हणून मी त्याला रागावलो. जन्मभर शाळेत अशा किती मुलांना मी मागच्या बाकावर आळशी ठरवले असेन! आरोपी शोधण्याच्या घाईत डोळे तपासायचे राहून जातात, वाचकहो.

आता आम्ही दोघे रोज उन्हे कलली की तपोवनापर्यंत चालत जातो. खेळ बंद केलेला नाही. तासाभराने उठायचे, एवढा करार आहे. परवा वसुबारसेला पलीकडच्या वाड्यावर कंदील चढला. नातवाने चष्मा सावरला आणि मोठ्याने मोजले, "सोळा." मी मोजल्या होत्या पंधरा. माझाच नंबर तपासायला हवा.